पसंत हाय, गुरवारी घेऊन या

माझ्या सासऱ्यांनी मला नापसंत केलं असतं, तर आज माझी काही तक्रार नसती.

नापसंत होणं हा काही गुन्हा नाही. चांगली चांगली मुलं नापसंत होतात. आमच्या वाडीतला गणू इतक्या ठिकाणी नापसंत झाला की पुढं पुढं तो नुसता जेवायला म्हणून जायचा. माणूस रडतो, चार दिवस दाढी करत नाही, मग दुसरं स्थळ येतं. त्यालाही एक रीत आहे. पण माझ्या बाबतीत जे झालं, ते कुठल्याच रीतीत बसत नाही, आणि इतकी वर्षं झाली तरी ते आठवलं की माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात.

तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता. आमचं घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला. खाली नदीकाठी भाताची खाचरं, वर डोंगरउतारावर नाचणी-वरी. बाबा शेती बघत. मी थोरला, सातवी पास होऊन महाडला एका शेठच्या कापडाच्या दुकानात लागलो होतो. आठवडाभर गज आणि कात्री, सुट्टीला एस.टी.नं घरी.

आणि घरी अंकुश.

अंकुश हा आमचा खोंड. त्याचं घराणं मोठं. घाटावर पाचगणीच्या बाजूला एक गोरा साहेब राहत असे. स्वराज्य आलं तरी तो काही वर्षं टिकून होता. त्यानं हौसेनं विलायतेहून एक वळू आणवला होता, काळाकुळकुळीत आणि जन्मतःच बिनशिंगांचा. साहेब कायमचा जायला निघाला तेव्हा त्याच्याकडची एक गाभण गाय बाबांनी आणली. त्या जातीला 'अँगस' म्हणतात, असं साहेबाच्या बटलरनं सांगितलं. बाबांनी घाट उतरेपर्यंत त्याचं 'अंगूस' केलं, आणि गाय व्याली तेव्हा आईनं 'असलं कसलं नाव' म्हणून वासराचं नाव अंकुश ठेवलं. (साहेबाच्या देशात ही जात कशासाठी पाळतात, हे बटलरनं सांगितलं नाही. फार उपकार झाले. आईनं बटलरलाच गोठ्यात बांधला असता.)

अंकुश वाढला तो बापावर गेला. डोक्यावर शिंगांच्या जागी दोन टेंगळं, रुंद पाठ, आखूड पाय, आणि चेहऱ्यावर नेहमी आताच जेवून उठल्यासारखा भाव. आईचा तो फार लाडका. मी महाडहून आलो की आई मला विचारायची, "जेवलास?" आणि उत्तर ऐकायच्या आत अंकुशला भाकरी घालायला जायची.

पण गावात त्याला वळू म्हणून कुणी विचारीना. लोक म्हणत, शिंग नाही तो बैल कसला, आमच्या गाईंना सगळी वासरं बोडकी व्हायची. बाबांनीही मग ठरवलं होतं की होळी झाली की अंकुशला ठेचून घ्यायचा, म्हणजे खच्ची करायचा, आणि औताला जुंपायचा. हे ऐकल्यापासून आई बाबांशी कामापुरतंच बोलत होती.

अशात मला तुडीलचं स्थळ आलं. सुचवलं शेठनी. तुडीलचे रामजीअण्णा हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. खाऊनपिऊन सुखी घर, मुलगी शिकलेली, घरकामात तरबेज. अण्णा स्वतः गुरांचे मोठे पारखी म्हणून साऱ्या खाडीपट्ट्यात प्रसिद्ध होते. शेठ म्हणाले, "मुलगा बघायला तेच येतील. सरळ बोल, सरळ बस. माणसाला ते एका नजरेत ओळखतात."

त्या एका नजरेची मी पौष महिन्यातली एक अख्खी सकाळ वाट बघितली. पांढरी विजार, पांढरा सदरा, केसाला खोबरेल. अण्णा आले. धिप्पाड माणूस, भरघोस मिशा, हातात काठी. घोंगडीवर बसले. आईनं चहा दिला. मी समोर सरळ बसलो.

"काय करता?" अण्णांनी विचारलं.

"महाडला कापडाच्या दुकानात असतो."

"बरं."

हे झालं माझं परीक्षण. तुम्ही म्हणाल, मी मधलं काही गाळतोय. एक अक्षर गाळलेलं नाही. कारण नेमका त्याच क्षणी गोठ्यातून अंकुश डुरकला, आणि अण्णांचा कप तोंडापाशी जाता जाता थांबला.

"ह्यो कोन?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी माझ्याबद्दल विचारला नव्हता, हे कृपा करून लक्षात घ्या.

बाबांनी सांगितलं, घरचा खोंड आहे. अण्णांनी कप खाली ठेवला, काठी घेतली आणि उठलेच. चहा तसाच राहिला. मीही मागून गेलो, कारण बघायला मला आले होते आणि बघण्याचा कार्यक्रम आता गोठ्याकडे सरकला होता.

अंकुशला अंगणात आणायला बाबांनी मलाच सांगितलं. अण्णा उंबराखालच्या दगडावर बसले आणि म्हणाले, जरा चालवून दाखवा. मी कासरा धरून चाललो. अण्णा डोळे बारीक करून बघत होते. मी मनात म्हटलं, हीच ती नजर. छाती काढली, मान ताठ केली, पावलं डौलानं टाकली. परत फिरलो. अण्णा म्हणाले, अजून एकदा, जरा सावकाश. मी अजून डौलानं चाललो.

"मागले पाय सरळ पडत्यात," अण्णा बाबांना म्हणाले.

मला दोनच पाय आहेत आणि त्यांत मागचे कुठले, हा विचार माझ्या मनात आला तेव्हा मला पहिली शंका यायला हवी होती.

मग त्यांनी अंकुशचे खूर उचलून बघितले. तोंड उघडून दात बघितले. पाठीवरून हात फिरवला, बरगड्या चाचपल्या. डोळ्यासमोर हात हलवून बघितला. वशिंडापाशी मात्र ते बराच वेळ अडले. अंकुशचं वशिंड आईवर न जाता साहेबावर गेलं होतं, म्हणजे जेमतेमच होतं, आणि त्याच्या वासरांच्या मानेवर उद्या जू ठरणार कुठं, हा प्रश्न होता. बाबांनी सांगितलं की आपल्या गाईंची वशिंडं मोठी, दोन्ही मिळून मधलं काहीतरी येईल. अण्णांना ते पटलं. मग त्यांनी घराणं विचारलं. बाबांनी साहेब, बंगला, बटलर, बोट, विलायत असं सगळं सांगितलं. अण्णा मांडी घालून ऐकत होते. (माझं घराणं त्यांनी विचारलं नाही. आम्हीही काही वाटेवर पडलेलो नव्हतो.)

"छाती मापायला पायजे," अण्णा म्हणाले. "दोरी हाय का?"

आणि इथं माझ्या धंद्यानं घात केला. दुकानातली टेप माझ्या खिशात असायची, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. मी ती पुढं केली. मला वाटलं होतं ती ते घेतील. ते म्हणाले, "तुमीच मापा, तुमचं रोजचं काम हाय."

मी अंकुशच्या छातीचं माप घेतलं. ते ऐकून अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आता मागनं."

मला कळेना. मागं काय मापायचं? अण्णांनी अगदी सरळ, वडीलधाऱ्या माणसाला शोभेल अशा शब्दांत सांगितलं की वळू ज्या कामासाठी ठेवतात त्या कामाचं सामान पुरतं आहे का आणि दोन्हीकडं सारखं आहे का, हे बघितल्याशिवाय कुणी शहाणा माणूस वळू घेत नाही. आई पदर तोंडावर घेऊन घरात गेली. बाबा आकाशाकडे बघू लागले.

मी बसलो. पांढरी विजार, पांढरा सदरा, हातात टेप, भावी सासरा समोर. ज्या कुणा मुलीला बघायला आलेल्यांपुढं पोहे नेऊन ठेवायला लाज वाटली असेल, तिनं माझी ती बसण्याची जागा डोळ्यांसमोर आणावी. मी माप घेतलं. अंकुश हलला नाही, डुरकला नाही, लाथ मारली नाही. फक्त माप सांगायला मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यानं शेपूट फिरवली. तिला सकाळचं ताजं शेण होतं. ते माझ्या उजव्या कानापासून डाव्या बाहीपर्यंत तिरपं लागलं.

अण्णा खूश झाले. "गुनाचं हाय," ते म्हणाले. "सोभाव शांत."

मला वाटलं, निदान हे तरी माझ्याबद्दल आहे. कारण मी काहीच बोललो नव्हतो.

मग बोलणं निघालं. तुडीलचा वळू आदल्या वर्षी साप चावून मेला होता, आणि साऱ्या गावाच्या गाई खोळंबल्या होत्या. अण्णा म्हणाले, गावात विचारून बघतो. बाबा म्हणाले, पैशाचं नाव काढू नका, चांगल्या घरी पडला म्हणजे झालं. आई दाराआडून म्हणाली, "पोटच्या पोरावानी वाढवलाय. तिकडं हाल नकोत." पोटचं पोर शेणानं माखून तिच्या समोरच उभं होतं, पण असो.

निघताना अण्णा फाटकापाशी थांबले, आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "कळवतो."

बोलताना त्यांची नजर माझ्यावर होती. हे मी देवळात उभा राहून शपथेवर सांगायला तयार आहे. आमच्या घरात यावर अजून वाद होतो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की अंकुशचा कासरा माझ्या हातात होता, म्हणून नजर त्या दिशेला होती.

पुढं काही दिवस गेले. बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी होती. मी एका बाईंना लुगडी उलगडून दाखवत होतो. तेवढ्यात एक डोकीला मुंडासं बांधलेला माणूस पायरीशी आला आणि पोलादपूरचे ते तुम्हीच का म्हणून त्यानं विचारलं. मी हो म्हटलं.

"तुडीलच्या अन्नांचा निरोप हाय," तो म्हणाला. "पसंत हाय म्हनावं. आक्ख्या गावाला पसंत हाय. गुरवारी घेऊन या. खान्यापिन्याची काळजी करू नका, सगळी सोय केलीय."

आता मला सांगा, यात कुठं खोंड आहे? मी हे वाक्य वकिलालासुद्धा ऐकवून बघितलं आहे. लग्नाला आलेला मुलगा, मुलीच्या बापाचा निरोप, आणि 'पसंत आहे'. जगात कुणीही याचा एकच अर्थ लावेल. अख्ख्या गावाला मी पसंत कसा, एवढी शंका मला आली खरी. पण माणसाचं मन असं असतं की आपली स्तुती कितीही पातळ असली तरी ते ती आटवून घेतं. मला वाटलं, अण्णांनी गावात जाऊन माझं वर्णन केलं असेल. मी त्या बाईंना एका लुगड्याबरोबर चुकून दुसरंही बांधून दिलं आणि शेठनी ते बघूनही काही म्हटलं नाही. उलट संध्याकाळी कोटाचं कापड काढून दिलं.

घरी ही बातमी मीच नेली. बाबांनी मला पाठीवर थाप मारली, आयुष्यात पहिल्यांदा. आईनं देवापुढं साखर ठेवली, मग वाडीत वाटली. आत्या खालच्या वाडीहून आली आणि आल्या आल्या रडली. निरोप माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकला गेला की तो हळूहळू वाढत गेला. शेवटी शेवटी अण्णा म्हणाले होते की असा मुलगा शोधून सापडणार नाही. हे माझ्याच तोंडून कधी निघालं, मला आठवत नाही.

फक्त आईनं एकदा विचारलं, "अंकुशचं काय म्हनले?"

निरोपात अंकुशचं नाव नव्हतं, तेव्हा तो नापसंत झाला असं आम्ही धरून चाललो. आई खिन्न झाली. मलाही वाईट वाटलं. गुरुवारी सकाळी नवा कोट घालून निघताना मी मुद्दाम गोठ्यात गेलो, त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणालो, "असतं एकेकाचं नशीब."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि रवंथ चालू ठेवलं.

आम्ही एस.टी.नं महाडला उतरलो. तिथून शेठनी ठरवून दिलेली बैलगाडी. बाबा फेट्यात, आई नव्या लुगड्यात, आत्या नारळ आणि साखरेचा पुडा मांडीवर घेऊन, आणि मधोमध मी, कोटाला सुरकुती पडू नये म्हणून अर्धा उभा. तुडील जवळ आलं तसा वाजंत्र्यांचा आवाज आला. बाबा म्हणाले, मोठी माणसं आहेत, रीत जाणतात. वेशीवर आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण. रस्त्याच्या दोन्ही बाजूला गाव लोटलेलं. बायका, म्हातारी माणसं, सगळे टाचा उंचावून बघत होते. मी हात जोडले.

कुणी हात जोडले नाहीत. सगळे माझ्या डोक्यावरून, गाडीच्या मागं बघत होते.

एक म्हातारा पुढं आला आणि त्यानं विचारलं, "मागनं चालत येतोय काय?"

"नाही," मी नम्रपणे म्हणालो, "मी इथंच आहे."

तो मला बघून मागं सरला. मी गाडीतून उतरलो. समोर अण्णांचं घर. अंगणात सारवलेल्या जागी नवं कोरं दावं, नवी टोपली, टोपलीत भिजवलेले कुळीथ आणि वर पेंडीचा ढीग. शेजारी झेंडूचा एक हार, एवढा मोठा की मी त्यातून न वाकता आरपार गेलो असतो. मी त्या टोपलीकडे बघितलं. खाण्यापिण्याची सोय.

अण्णा पुढं आले. त्यांनी बाबांना रामराम केला, गाडीच्या मागं जाऊन बघितलं, वाकून गाडीखालीसुद्धा बघितलं. मग सरळ होऊन म्हणाले, "आन् अंकुश कुठाय?"

वाजंत्री थांबली. एकानं तेवढं ताशावर टिपरू मारलं आणि तोही शरमला.

बाबांनी विचारलं, अंकुशचं इथं काय? अण्णा म्हणाले, निरोप पोचला नाही काय? बाबा म्हणाले, पोचला, म्हणून तर मुलाला घेऊन आलो. अण्णा म्हणाले, मुलाला कशाला? मग दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं. मी निरोप्याकडे बघितलं. तो मुंडासं सोडून पुन्हा बांधू लागला.

बाबांचा आवाज खाली आला. ते रागावले की खाली येतो. ते म्हणाले, "अन्ना, खोंड पसंत पडला ते समजलं. पोराचं काय ठरवलंत?"

आणि अण्णा, तो साऱ्या खाडीपट्ट्यात प्रसिद्ध पारखी, माझ्याकडे बघून म्हणाला, "त्ये इचारायचं ऱ्हायलंच. इसरलो."

विसरलो! नापसंत नाही, विचार करतो नाही, पत्रिका जुळली नाही असंही नाही. मी, सातवी पास, कापडाच्या दुकानातला माणूस, ज्यानं स्वतःच्या हातानं नको तिथली मापं घेतली, तो त्यांच्या डोक्यात तुडीलला पोचेपर्यंतसुद्धा टिकला नव्हता. कोटाच्या आत मला घाम फुटला. गावातलं कुणीतरी हसलं आणि मग ते हसू एका घरावरून दुसऱ्या घरावर गेलं.

बाबांनी गाडीवानाला गाडी वळवायला सांगितलं. अण्णांनी बैलांसमोर जाऊन ती अडवली. गावाला शब्द दिला आहे, ते म्हणाले, वाजंत्री आणली आहे, खोंड द्या. बाबा म्हणाले, मुलाची अशी शोभा करणाऱ्या घरी आम्ही शेळी बांधणार नाही, अंकुश तर सोडाच. अण्णा म्हणाले, मग काय खोंडापायी पोरगी देऊ? बाबा म्हणाले, कोण मागतंय? आत्या रडू लागली. आई मात्र एकटीच मला दिसेल अशी सुखावली होती, कारण अंकुश पसंत पडला होता आणि आता त्याला ठेचणार नव्हते.

या सगळ्यात उंबऱ्यावर एक मुलगी ताट घेऊन उभी होती. हिरवं लुगडं, ताटात निरांजन, हळदकुंकू. तीच इंदू. मला दाखवायची मुलगी, जी मी अजून बघितलेली नव्हती आणि जी मला ओवाळायला उभी नव्हती. ती बराच वेळ एकदा बापाकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "अन्ना, वात सरत आलीय. कुनाला तरी ओवाळू दे मला."

अण्णांनी ऐकलं नाही. ते गाडीचं जू धरून उभे होते. ती पायऱ्या उतरली, सरळ माझ्यासमोर आली आणि तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. तळहाताएवढं. कुंकू बैलाच्या मापानं कालवलं होतं. मग ताट फिरवू लागली. मी मागं सरकलो, तशी हळूच म्हणाली, "हलू नका. तेल सांडंल."

मी हललो नाही. मी आयुष्यात इतका स्थिर कधी उभा राहिलेलो नाही.

अख्ख्या गावासमोर, वाजंत्र्यांसमोर, मुलीनं परक्या मुलाला ओवाळलं. अण्णांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी तिला आत बोलावलं. आतून काही वेळ आवाज येत राहिले, जास्त तिचाच. आम्ही अंगणात उभे. आत्यानं नारळ कुठं ठेवावा म्हणून तो कुळथाच्या टोपलीत ठेवला. शेवटी अण्णा बाहेर आले. त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं आणि बाबांना म्हणाले, "पोरगी म्हनते, असू दे."

हे माझं लग्न ठरलं. खोंडाला 'पसंत हाय, आक्ख्या गावाला पसंत हाय', आणि मला 'असू दे'.

बाबांना एवढ्यावर राग सोडायचा नव्हता, पण आईनं त्यांचं उपरणं मागून ओढलं. मुलगी मिळत होती आणि अंकुश वाचत होता. नारळ टोपलीतून काढून साखरेच्या पुड्यासह दिला गेला. जेवणं झाली. वाजंत्र्यांना जाताना काहीतरी वाजवून दाखवा म्हटलं, तर ते म्हणाले, ठरलं होतं ते वळूचं, नवरदेवाचं वेगळं असतं.

अंकुशला तुडीलला पोचवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. पोलादपूरपासून पायी. तो वाटेत दिसेल ते खात, मधेच नदीत उतरून उभा राहत, लोकांच्या गाईंना बघून थांबत रमतगमत चालला, आणि मी पुढं होऊन लोकांची माफी मागत होतो. पोचलो तेव्हा तीच वाजंत्री, तेच तोरण, आणि इंदूनं त्यालाही ओवाळलं. तो हलला. तेल सांडलं. कुणी त्याला एक शब्द बोललं नाही. हार त्याला बरोबर बसला.

वैशाखात आमचं लग्न झालं. पुढच्या वर्षापासून तुडीलमध्ये काळी, बिनशिंगांची, मजबूत हाडांची वासरं दिसू लागली. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हौसेनं दाखवत. मी इंदूला एकदा विचारलं होतं, त्या दिवशी तू 'असू दे' का म्हणालीस. तिनं तांदूळ निवडता निवडता सांगितलं की ती तसं म्हणालीच नव्हती. ती बापाला म्हणाली होती, 'मला हाच हवा.' अण्णांना तो शब्द बाहेर सांगताना जड गेला, म्हणून त्यांनी तो हलका केला. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण ही गोष्ट तिनं मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, आणि तीसुद्धा विचारल्यावर सांगितली, यावर माझा वेगळा राग आहे.

अंकुश म्हातारा होऊन गेला. निरोप आला तसे मी आणि इंदू तुडीलला गेलो. गाव गोळा झालं होतं. अण्णा ओट्यावर एकटेच बसले होते, जेवले नव्हते. मी शेजारी बसलो. म्हणालो, "अण्णा, मी आहे ना."

अण्णांनी मान वळवली. जावई होऊन मला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांनी मला असं डोक्यापासून पायापर्यंत, नीट, वेळ देऊन कधीच बघितलं नव्हतं. मी नकळत सरळ बसलो. त्यांनी माझा हात हातात घेतला, डोळे पुसले आणि फार मायेनं म्हणाले,

"तुमचं मन चांगलं हाय. पन तुमच्यानं न्हाय भागायचं."